धोक्यांची निवड कोण करते?

गर्भवतीने ग्रहण पाळावे, त्या वेळात भाजी चिरू नये, सुई-दोरा हाती घेऊ नये, नाहीतर मूल व्यंग घेऊन जन्माला येते, अशी समजूत महाराष्ट्रात आजही पुष्कळ घरांत आहे. ग्रहणाचे ते दोन-तीन तास ती बाई एका जागी बसून काढते आणि घरातली सगळी माणसे तिच्यावर लक्ष ठेवून असतात. तीच बाई रोज सकाळी मशेरीने दात घासत असेल, ओल्या लाकडांच्या चुलीपुढे तासन्‌तास बसत असेल, तर त्याबद्दल तिला कोणी हटकत नाही. ग्रहणाच्या सावलीने गर्भाला काहीही होत नाही. तंबाखूने होते. मुंबईतल्या १,२१७ गर्भवतींची एक पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तंबाखू न ओढता खाणाऱ्या किंवा दातांना लावणाऱ्या बायकांच्या बाळांचे वजन इतर बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमनी कमी भरले होते.

असे का, हा प्रश्न विचारला की आपल्यासारख्या विज्ञान शिकवणाऱ्यांच्या तोंडी एक उत्तर तयार असते: अज्ञान. हे उत्तर आम्हाला पुरेसे वाटत नाही. नुसते अज्ञान असते तर माणसाला एक तर कशाचीच भीती वाटली नसती किंवा दिसेल त्या प्रत्येक गोष्टीची वाटली असती. प्रत्यक्षात भीती फार निवडक असते. ग्रहणाची वाटते, मशेरीची वाटत नाही. ही निवड कोण करते?

नेमका हाच प्रश्न विचारणारे एक पुस्तक १९८२ साली अमेरिकेत निघाले. नाव 'रिस्क अँड कल्चर', म्हणजे 'जोखीम आणि संस्कृती'. मेरी डग्लस या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ आणि आरन विल्डाव्हस्की हे अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ, अशी ही जोडी. विल्डाव्हस्की १९९३ मध्ये गेले, डग्लसबाई २००७ मध्ये. पुस्तक मात्र अजून वाचले जाते, आणि कोणताही साथीचा रोग आला, कोणत्याही लसीवरून वाद पेटला की त्यातला विचार कोणीतरी पुढे करतोच. शिक्षकांच्या हाती तो विचार येतो तो बहुधा 'लोकांची मानसिकता' या ढोबळ शब्दांत. म्हणून मूळ पुस्तक काय म्हणते आणि कुठे घसरते, हे जरा तपासून पाहावे असे आम्हाला वाटले.

डग्लसबाई १९४९ च्या सुमारास तेव्हाच्या बेल्जियन काँगोत, कासाई नदीच्या प्रदेशातल्या लेले लोकांमध्ये राहिल्या होत्या. ताप, जुलाब, क्षय, कुष्ठरोग, न्यूमोनिया, उष्ण कटिबंधात जे जे असते ते सारे त्या लोकांच्या वाट्याला होतेच. पण त्यांच्या बोलण्यात आणि चिंतेत प्रामुख्याने तीनच संकटे होती: अंगावर वीज पडणे, वांझपण आणि श्वासनलिकेचा दाह. हीच तीन का? कारण या तिन्हींच्या मागे कोणाचे तरी दुष्कृत्य असते, असे ते मानीत. ज्याच्यावर संकट आले तो निर्दोष. दोष जायचा गावातल्या एखाद्या वजनदार म्हाताऱ्याकडे किंवा पुढाऱ्याकडे. लेखकांचा मुद्दा असा, की समाज असंख्य धोक्यांतून थोडेसे निवडतो, आणि निवडताना तो धोका किती मोठा आहे एवढेच पाहत नाही. त्या धोक्याच्या निमित्ताने दोष कोणावर ठेवता येतो, कोणता नियम पक्का करता येतो, हेही पाहतो. ज्या धोक्याला दोषी सापडत नाही तो धोका असूनही दिसत नाही.

इथे एक खुलासा करायला हवा. धोके काल्पनिक असतात असे लेखक म्हणत नाहीत, तसा आरोप त्यांच्यावर अनेकदा झाला आहे तरी. वीज खरोखरच माणसे मारते. आपल्या देशात आजही दरवर्षी अडीच हजारांच्या आसपास माणसे वीज पडून मरतात. लेखकांचा रोख निवडीवर आहे.

ही कल्पना आपल्या ग्रहणाला लावून पाहा, ती चपखल बसते. दुभंगलेल्या ओठाचे मूल जन्मले की शेजारची म्हातारी पहिला प्रश्न विचारते तो 'ग्रहण पाळलं होतं ना?' हा. दोष ठरला, आणि तो आईवर. नियमही ठरला: गर्भारपणात सुनेने घरच्यांच्या सांगण्याबाहेर जाऊ नये. आता मशेरी घ्या. तंबाखू तव्यावर भाजून काळी पूड करायची, डब्यात भरायची आणि सकाळी बोटाने दातांना लावायची, हे काम घरात सासूच करते, आजीच शिकवते. 'दात बळकट होतात, पोट साफ होतं' हे शास्त्र तिच्या जोडीला असते. मशेरीने बाळाचे वजन घटले तर दोष कोणावर ठेवायचा? सासूवर? त्यापेक्षा धोकाच न दिसलेला बरा. तीच बाई विडी ओढताना दिसली असती तर घरात आकांत झाला असता, तोही तंबाखूमुळे नव्हे, तर 'बाईच्या जातीने' ओढली म्हणून. चुलीचा धूर तर कोणाचाच दोष नाही. तो नुसताच असतो, आणि म्हणून कोणाला दिसत नाही.

लेले लोकांत आणि आपल्यात एक फरक मात्र लक्षात घेण्यासारखा आहे. त्यांचा दोष वर जातो, बलवानाकडे. आपला खाली येतो, घरातल्या सगळ्यांत दुबळ्या माणसावर. पुस्तकाच्या सुरुवातीच्या प्रकरणांतले मर्म हेच आहे: भीती कशाची वाटते यावरून त्या समाजात कोण कोणाला जाब विचारू शकतो ते कळते. ही प्रकरणे आम्हाला अव्वल दर्जाची वाटतात. ज्यांना इंग्रजी वाचता येते त्यांनी ती जरूर वाचावीत.

याच सुमारास मानसशास्त्रज्ञही हा प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवत होते. पॉल स्लोव्हिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत तीस धोक्यांची यादी देऊन ती लोकांना क्रमाने लावायला सांगितली. महिला मतदारांच्या एका संघटनेच्या सभासदांनी आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी अणुवीज पहिल्या क्रमांकावर ठेवली; तज्ज्ञांनी विसाव्या. क्ष-किरणांचे उलट झाले: तज्ज्ञांनी सातवा क्रमांक दिला, त्या महिलांनी बाविसावा. 'लोकांना आकडे कळत नाहीत' असा निष्कर्ष यातून काढण्याचा मोह होतो, पण तो बरोबर नाही. तज्ज्ञ मुख्यतः वर्षाकाठी होणारे मृत्यू मोजत होते. लोक आणखी काही विचारत होते: हा धोका मी पत्करला की माझ्यावर लादला गेला? अपघात झालाच तर किती माणसे एकदम जातील? पुढच्या पिढीला त्रास होईल का? हे प्रश्न अडाणीपणाचे नाहीत. स्वतःहून पत्करलेला धोका माणसे लादलेल्या धोक्यापेक्षा हजारपटीने अधिक सहन करतात, असा अंदाज चौन्सी स्टार यांनी १९६९ मध्येच मांडला होता. हजार हा आकडा फार मनावर घेऊ नये, पण दिशा बरोबर आहे. डग्लसबाईंचा या मानसशास्त्रज्ञांशी वाद होता तो एवढाच, की ते एकेकट्या माणसाचे मन तपासतात. पण माणूस एकटा भीत नाही, घरादारासह, जातीपातीसह, पेशासह भितो. या वादात आम्ही त्यांच्या बाजूचे आहोत.

पेशासह, हे मुद्दाम म्हटले. आमच्याच व्यवसायातले पाहा. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत किरणोत्सारी पदार्थाची खोली वेगळी, दारावर पिवळी खूण, नोंदवही, छातीला लावायचा बिल्ला, असा सगळा कडक कारभार असतो, आणि तो असायलाही हवा. शेजारच्या खोलीत फॉर्मालीनच्या बरण्या उघड्या असतात आणि डोळे चुरचुरले तर माणसे खिडकी उघडून काम चालू ठेवतात. फॉर्मालीनमधला फॉर्माल्डिहाइड हा वायू माणसात कर्करोग घडवतो, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला. पण किरणोत्साराच्या मागे हिरोशिमा उभे आहे. फॉर्मालीनच्या मागे बेडूक आणि साप. शाळांच्या कपाटांतही याच बरण्या आहेत. सांगायचे इतकेच, की डॉक्टरेट मिळवल्याने माणूस संस्कृतीच्या बाहेर जात नाही.

आणि इथेच 'रिस्क अँड कल्चर' आम्हाला निराश करते. पुस्तकाच्या उत्तरार्धात लेखक लेले लोकांना सोडून सत्तरीच्या दशकातल्या अमेरिकेकडे वळतात. समाजाचे ते दोन भाग करतात: केंद्र आणि काठ. केंद्रात सरकारी यंत्रणा आणि बाजारपेठ; काठावर स्वयंसेवी गट, विशेषतः पर्यावरणवादी आणि अणुवीजविरोधी. केंद्र निर्धास्त असते, काठ सतत घाबरलेला असतो. का? तर अशा गटांना सभासदांना धरून ठेवायला पगार नाही, अधिकार नाही. बाहेर एक मोठे संकट उभे आहे असे सांगितल्याशिवाय माणसे टिकत नाहीत. यासाठी आमिश आणि हटराइट या धर्मपंथांची उदाहरणे येतात. युक्तिवाद चतुर आहे. केंद्राच्या निर्धास्तपणावर एक प्रकरण खर्च केलेले आहे, हेही मान्य. पण वाचताना तराजूचा काटा कुठे झुकतो ते लपत नाही. घाबरणाऱ्यांची मुळे खणून काढली आहेत; न घाबरणाऱ्यांची वरवर खुरपली आहेत. प्रदूषणाची भीती पंथाच्या गरजेतून येते, हे सविस्तर समजते. प्रदूषण करणाऱ्याची बेफिकिरी कोणाच्या गरजेतून येते, ते थोडक्यात आटोपते.

पुस्तक निघाले त्याच वर्षी, १९८२ मध्ये, भोपाळात राजकुमार केसवानी नावाचे पत्रकार आपल्या 'रपट' या छोट्याशा साप्ताहिकातून युनियन कार्बाइडच्या कारखान्याबद्दल इशारे देत होते. त्याआधी, डिसेंबर १९८१ मध्ये, त्या कारखान्यात फॉस्जीन वायूने एक कामगार दगावला होता. केसवानी शब्दशः काठावरचे होते. ना मोठे वृत्तपत्र, ना पद. केंद्र, म्हणजे कंपनी आणि सरकार, निर्धास्त होते. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. या पुस्तकाच्या चौकटीत केसवानींच्या भीतीचे स्पष्टीकरण सहज बसते: काठावरचा माणूस, म्हणून घाबरलेला. फक्त त्या चौकटीत 'टाकीत खरोखर काय आहे आणि झडपा चालू आहेत का' या प्रश्नाला जागा नाही. कोण का घाबरले याचे उत्तर मिळाले, म्हणजे धोका आहे की नाही याचे उत्तर मिळाले असे होत नाही. ग्रहण आणि मशेरी या दोन्हींचा उलगडा हा सिद्धान्त सारख्याच सफाईने करतो. त्यांतली कोणती गोष्ट बाळाचे वजन घटवते, हे सांगणे त्याच्या हाती नाही. गंमत म्हणजे विल्डाव्हस्की शेवटच्या वर्षांत ज्या पुस्तकावर काम करत होते आणि जे त्यांच्या मृत्यूनंतर १९९५ मध्ये निघाले, त्याचे नाव आहे 'बट इज इट ट्रू?', म्हणजे 'पण हे खरं आहे का?' हा प्रश्न १९८२ मध्येच विचारायला हवा होता.

आमचा दुसरा आक्षेप आपल्याकडच्या इतिहासाच्या आधारे मांडता येईल. पुण्यातला १८९७ चा प्लेग आपण शाळेत शिकवतो तो रँड आणि चापेकर बंधूंच्या निमित्ताने, आणि तिथेच थांबतो. तो आरोग्याच्या धड्यातही यायला हवा. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. तो माणसापर्यंत कसा पोचतो हे मात्र कळले नव्हते. इंग्रज अधिकाऱ्यांची ठाम समजूत होती की रोग घाणीत, जमिनीत, कपड्यालत्त्यांत आणि दाटीवाटीने राहणाऱ्या 'नेटिव्ह' माणसांत असतो. त्यामुळे सोल्जर घरात घुसले, जमिनी खणल्या, भिंतींना चुना फासला, सामान जाळले, माणसे छावण्यांत नेली. हा सारा उद्योग विज्ञानाच्या नावाने चालला होता. पण त्यात विज्ञान थोडे आणि गरिबाच्या घाणीबद्दलची किळस जास्त होती. ती किळस लंडनच्या गल्ल्यांतून आलेली होती. ती त्यांची संस्कृती होती.

खेड्यापाड्यांत लोकांचे निरीक्षण वेगळे होते. घरात उंदीर पडू लागले की ते घर सोडायचे, माळावर झोपडी बांधून राहायचे आणि साथ ओसरल्यावर परतायचे. उंदीर का मरतात ते त्यांना माहीत नव्हते. पण उपाय बरोबर होता: मेलेल्या उंदरावरच्या पिसवा नवा आसरा शोधतात तेव्हा माणूस तिथे नसायचा. पिसवांचा हा दुवा पोल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून मांडला. तज्ज्ञांनी तो बरीच वर्षे मनावर घेतला नाही. १९०५ नंतर मुंबईत प्लेग संशोधन आयोगाने गिनिपिगांवर पद्धतशीर प्रयोग केले, तेव्हा कुठे तो मान्य झाला.

म्हणजे लोक शहाणे आणि अधिकारी मूर्ख, असे आम्हाला म्हणायचे नाही. लोकांनी रोगी लपवले. इस्पितळात माणसाच्या अंगातून तेल काढतात अशा कंड्या पिकवल्या. डॉ. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत स्वतःला टोचून घेतलेली लस उपयोगी होती. ती पुष्कळांनी नाकारली आणि त्यात जीव गमावले. दोन्ही बाजूंना काही दिसत होते आणि काही दिसत नव्हते, आणि काय दिसावे ते दोन्हीकडे संस्कृतीनेच ठरवले होते. फरक इतकाच की एका बाजूच्या हाती बंदूक होती. डग्लस-विल्डाव्हस्कींच्या चौकटीत सत्तेला एवढी जागा मिळत नाही.

२०२० मध्ये कोरोनाच्या साथीतही हेच दिसले. मार्चच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटना जाहीरपणे सांगत होती की हा रोग हवेतून पसरत नाही. पुढे तिला ते बदलावे लागले. दरम्यान आपण वर्तमानपत्रे बंद केली, भाजी सोड्याच्या पाण्यात धुतली, रस्त्यांवर सोडियम हायपोक्लोराइटचे फवारे मारले आणि बंद खोलीतल्या हवेकडे दुर्लक्ष केले. भिंतींच्या चुन्यापासून हायपोक्लोराइटपर्यंत सव्वाशे वर्षे गेली, पण रोग म्हणजे चिकटलेली घाण ही कल्पना तिथेच आहे. तज्ज्ञांच्या मनातही.

सिद्धान्ताची कसोटी आकड्यांनी घेण्याचेही प्रयत्न झाले आहेत. नव्वदीच्या दशकात स्वीडनच्या लेनार्ट श्योबेर्ग यांनी दाखवून दिले की लोकांची 'सांस्कृतिक ठेवण' प्रश्नावलीने मोजली, तर त्यांच्या भीतीतल्या फरकाचा अगदी थोडा हिस्सा त्यातून समजतो. दोष सिद्धान्ताचा की प्रश्नावलीचा, हा वाद राहिला. त्याहून बोलका आम्हाला वाटतो तो स्लोव्हिक आणि सहकाऱ्यांचाच १९९४ चा निष्कर्ष: अमेरिकेत जवळपास प्रत्येक धोका इतरांपेक्षा कमी मानणारा एक गट होता, तो गोऱ्या पुरुषांचा, आणि त्यांतही सुमारे तीस टक्के पुरुषांमुळे ती सरासरी खाली आली होती. हे लोक तुलनेने अधिक शिकलेले, अधिक मिळवते आणि अधिकाऱ्यांवर अधिक विश्वास ठेवणारे होते. न घाबरणे हीसुद्धा एक सांस्कृतिक ठेवण आहे, आणि ती सुखवस्तू माणसाला परवडते.

वर्गात याचा उपयोग काय? ग्रहणाविषयी आपण बोलतोच. विज्ञान चळवळीने त्यावर गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे चांगले काम केले आहे. पण 'या अंधश्रद्धा आहेत' एवढ्यावर तास संपला, तर मुले एक चुकीची गोष्ट शिकून जातात: संस्कृती फक्त आजीच्या भीतीत असते, आपल्या निर्धास्तपणात नसते. त्याऐवजी मुलांना घरी पाठवून दोन गोष्टी विचारून आणायला सांगाव्यात. घरातली मोठी माणसे कशाकशाला 'नको' म्हणतात, आणि रोज होणाऱ्या कोणत्या गोष्टीला कोणीच कधी 'नको' म्हटलेले नाही. पहिली यादी भराभर येते. दुसरी बनवायला आठवडा लागतो, कारण ज्याला कोणी 'नको' म्हणत नाही ते आठवतच नाही. मग प्रत्येक नोंदीपुढे विचारावे: यात काही झाले तर घरात बोलणी कोणाला बसतात? आणि त्यानंतर, वेगळ्या रकान्यात: पण हे खरे आहे का, आणि ते कसे तपासता येईल? हा शेवटचा रकाना डग्लसबाईंच्या पुस्तकात नाही. तो विज्ञानाच्या शिक्षकाचा आहे.

दुसऱ्या यादीत मशेरी आली तर सोबत काही आकडे सांगता येतील. तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली. घरच्या तव्याला ती लागू होत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे प्रौढ ३.८ टक्के आढळले आणि तंबाखू खाणारे किंवा दातांना लावणारे २४.४ टक्के. शाळेच्या भिंतीवरच्या तंबाखूविरोधी चित्रात मात्र फुली मारलेली असते ती सिगारेटवर. मशेरीचा डबा काढलेले चित्र आमच्या पाहण्यात अजून आलेले नाही.